'थ्रेटन्ड टू किल': मारणार कोण, मरणार कोण?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. साताऱ्यातल्या एका वकिलांकडे तुम्ही नुकते कामाला लागलात. फिर्यादीत वाक्य होतं, 'आरोपीने फिर्यादीस जीवे मारण्याची धमकी दिली.' तुम्ही इंग्रजीत लिहिलंत, 'द अक्यूज्ड थ्रेटन्ड द कम्प्लेनंट टू किल.' साहेबांनी ते खोडून 'थ्रेटन्ड टू किल द कम्प्लेनंट' केलं आणि कारण सांगितलं नाही. तुमचं म्हणणं असं की 'प्रॉमिस्ड मी टू पे' चालतं, तर 'थ्रेटन्ड मी टू किल' का चालू नये? शिवाय इंग्रजी पेपरात 'रिव्हर थ्रेटन्स टू फ्लड' असं वाचलंत. नदी कधीपासून धमक्या द्यायला लागली? आणि उच्चार 'थ्रीटन' की 'थ्रेटन'?

मी सांगलीत कोर्टाच्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. फिर्यादी, पंचनामे, जबाब, सगळं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागल्यामुळे सांगली-साताऱ्याचे कागद आता मुंबईऐवजी तिकडे जातात, पण जातात ते इंग्रजीतूनच. त्यामुळे 'थ्रेटन' हे क्रियापद रोज हाताखालून जातं, आणि तुमच्यासारखंच वाक्य लिहिणारे रोज भेटतात. त्यात तुमच्या इंग्रजीचा दोष कमी आणि मराठीच्या सोयीचा जास्त.

मराठीत 'मारण्याची धमकी दिली' म्हटलं की काम भागतं. कुणाला दिली ते 'ला' किंवा 'स' लावून सांगायचं, कशाची दिली ते 'ची' लावून. मारणार कोण आणि मार खाणार कोण, हे वाक्य बोलून दाखवत नाही. ऐकणारा समजून घेतो. 'त्याने मला नोकरी सोडण्याची धमकी दिली' हे वाक्य बघा. नोकरी कोण सोडणार? तो की मी? मराठीत दोन्ही अर्थ निघतात, आणि संदर्भ माहीत असल्यामुळे आपलं काही अडत नाही. इंग्रजीत अडतं. तिथे 'टू' लागलेल्या क्रियेचा कर्ता कोण हे शब्दांच्या जागेवरून ठरतं.

'टोल्ड मी टू गो', 'फोर्स्ड मी टू साइन', 'आस्क्ड मी टू वेट'. यात जाणारा, सही करणारा, थांबणारा 'मी' आहे. क्रियापद, मग माणूस, मग 'टू' अशी रांग लागली की इंग्रजी कान त्या मधल्या माणसालाच पुढच्या कामाला लावतो. म्हणजे तुमच्या वाक्यात फिर्यादीनंच कुणाला तरी मारायचं होतं, असा वास येतो. 'थ्रेटन' ही रांग मुळात घेतच नाही. त्याच्यामागे 'टू' आला की पुढचं काम वाक्याचा कर्ताच करणार. म्हणून 'टू' थेट 'थ्रेटन'ला चिकटवायचा आणि ज्याला मारायचं तो माणूस 'किल'च्या पुढे न्यायचा. साहेबांनी तेवढंच केलं.

'प्रॉमिस' हा या घरातला वेगळा पोरगा आहे. 'प्रॉमिस्ड मी टू पे' मध्ये मधे माणूस असूनही पैसे देणारा कर्ताच असतो. पण ती त्या एका क्रियापदाची लकब आहे आणि तिथेही सराईत लिहिणारे 'प्रॉमिस्ड टू पे मी' हेच पसंत करतात. तिच्या आधारावर दुसरं काही रचू नका.

माणूस 'थ्रेटन'च्या लगेच पुढे ठेवायचाच असेल तर त्यानंतर 'विथ' आणा. 'थ्रेटन्ड हिम विथ डेथ', 'थ्रेटन्ड द वर्कर विथ डिसमिसल'. इथे 'विथ'नंतर परिणाम येतो. पण 'विथ'नंतर हत्यारही येतं, आणि मग अर्थ बदलतो. 'थ्रेटन्ड हिम विथ अ नाइफ' म्हणजे चाकू प्रत्यक्ष हातात होता, दाखवला. आपल्याकडच्या फिर्यादीत 'कोयत्याचा धाक दाखवून' हे फार येतं, आणि त्याला ही रचना बरोबर बसते. मात्र 'कोयत्याने तोडीन' असं नुसतं तोंडानं म्हटलं असेल आणि कोयता तिथे नसेल, तर 'विथ' वापरू नका. 'थ्रेटन्ड टू हॅक हिम' लिहा. जागेवर हत्यार होतं की नव्हतं, हा खटल्यातला मोठा मुद्दा असतो आणि तो तुमच्या एका 'विथ'वर हलतो. जाता जाता: कोयत्याला 'सिकल' म्हणू नका. सिकल म्हणजे विळा. ऊसतोडीचा कोयता जड असतो. मी 'कोयता' हाच शब्द ठेवते आणि पहिल्यांदा आला की अर्ध्या ओळीत काय असतो ते सांगते.

तिसरी रचना 'थ्रेटन्ड दॅट'. व्याकरणाला चालते, पण फिर्यादीत चार आरोपी आणि दोन फिर्यादी असले की 'दॅट ही वुड किल हिम' मधला 'ही' कोण नि 'हिम' कोण हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. वापरायचीच झाली तर आरोपी क्रमांक घालून वापरा.

कर्मणी प्रयोगात तर सगळेच घसरतात. 'ही वॉज थ्रेटन्ड टू बी किल्ड' हे वाक्य आपल्याकडच्या छापील बातम्यांतही दिसतं. 'त्याला ठार मारण्याची धमकी देण्यात आली' हे मराठी त्याच्याखाली स्वच्छ वाचता येतं. 'वॉज थ्रेटन्ड विथ डेथ' म्हणा, किंवा नाम घ्या, 'रिसीव्ह्ड अ डेथ थ्रेट'. आणि धमकी इंग्रजीत 'गिव्ह' करत नाहीत, 'मेक' किंवा 'इश्यू' करतात. 'गेव्ह थ्रेट' वाचलं की मराठीत दिलेली धमकी इंग्रजीत पोचती झाल्यासारखी वाटते.

आता जिथे खरी गोम आहे तिथे येते. 'केस मागे घे म्हणून धमकी दिली.' हे इंग्रजीत कसं न्यायचं? तुमचा हात 'थ्रेटन्ड मी टू विथड्रॉ द केस' कडे जाईल. ते चूक आहे. कारण वरचंच. इंग्रजीत दोन मार्ग आहेत आणि त्यातला कुठला घ्यायचा हे भाषेवर नाही, घडलेल्या गोष्टीवर ठरतं. 'थ्रेटन्ड मी इंटू विथड्रॉइंग द केस' म्हणजे धमकी लागू पडली, फिर्यादीनं केस मागे घेतली. 'इंटू' तो निकाल पोटात घेऊनच येतो. केस मागे घेतली नसेल तर 'थ्रेटन्ड टू किल मी अनलेस आय विथड्रू द केस' लिहायचं. मूळ मराठी वाक्य यातलं काहीच सांगत नाही. म्हणून पुढचा परिच्छेद वाचा, पुढचा जबाब वाचा, नाहीतर वकिलांना विचारा. न विचारता 'इंटू' लिहिलंत तर तुम्ही एक घटना पदरची घातलीत.

हे झालं व्याकरण. अर्थाकडे आले की मला या क्रियापदाची एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'आय प्रॉमिस' म्हटलं की वचन दिलं जातं. पण 'आय थ्रेटन यू' असं म्हणून कुणी कुणाला घाबरवत नाही. मराठीतही भांडताना 'मी तुला धमकी देतो' असं कोण म्हणतं? माणूस म्हणतो, 'तुला बघून घेतो', 'हितनं पुढं या बांधावर दिसलास तर तंगडं मोडीन', 'घरातनं बाहेर पडायचं अवघड करीन'. ती धमकी होती, हे ऐकणारा नाहीतर सांगणारा ठरवतो. 'थ्रेटन' हे क्रियापद बोललेले शब्द सांगत नाही, त्या शब्दांबद्दलचं मत सांगतं. भाषांतर करणाऱ्यानं ते मत स्वतःचं घालायचं नसतं.

म्हणून माझी पद्धत अशी. फिर्यादीत खुद्द शब्द दिले असतील तर ते अवतरणात ठेवायचे आणि 'सेड' वापरायचं. फिर्यादीत 'धमकी दिली' असं लिहिलं असेल तरच 'थ्रेटन्ड'. दोन्ही असेल तर दोन्ही. 'तुला बघून घेतो' हे 'आय विल सी यू' केलं तर संध्याकाळी चहाला भेटतो असं वाटेल, आणि 'आय विल किल यू' केलं तर तुम्ही माणसाला खुनाच्या धमकीत अडकवलंत. मी मूळ मराठी शब्द तसेच लिहून पुढे जवळचा अर्थ देते, 'आय विल डील विथ यू' एवढाच. त्यातून काय निघतं ते न्यायाधीश बघतील.

यात इतकं कटकटीचं का व्हायचं, त्याला कायद्यात कारण आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०३ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ याच क्रियापदावर उभं आहे. नुसतं वाईट बोलणं तिथे पुरत नाही. शरीराला, लौकिकाला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी हवी, आणि ती देण्यामागे समोरच्याला भयभीत करण्याचा किंवा त्याच्याकडून काही करवून घेण्याचा, नाहीतर त्याला हक्काचं काही करू न देण्याचा हेतू हवा. साध्या प्रकाराला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठार मारण्याची किंवा जबर दुखापतीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. निनावी पत्र वगैरे असेल तर वर आणखी दोन. म्हणजे 'दम दिला' याचं 'थ्रेटन्ड टू किल' केलंत, तर दोनाचे सात झाले. जुन्या संहितेच्या अधिकृत मराठीत या गुन्ह्याला 'फौजदारीपात्र धाकदपटशा' म्हटलं होतं. शब्द बोजड खरा, पण धाक आणि दपटशा दोन्ही त्यात आल्यामुळे मला तो आवडतो.

नवीन माणसाला एक खड्डा दाखवून ठेवते. जुन्या संहितेत ३५१ म्हणजे अंगावर धावून जाण्याचा, हमल्याचा प्रकार होता. तो नव्या संहितेत १३० वर गेला आणि ३५१ वर धमकी आली. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची की नंतरची हे बघितल्याशिवाय कलमाचा आकडा बघून शब्द निवडू नका.

सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली माणिक तनेजा खटल्यात हाच हेतूचा मुद्दा धरला. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका जोडप्यानं पोलिसांच्या वागण्याबद्दल तक्रारवजा मजकूर लिहिला होता आणि त्यावरून त्यांच्यावर धमकीचा गुन्हा नोंदवला गेला. भयभीत करण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द पुरत नाहीत, असं म्हणून न्यायालयानं तो रद्द केला. शब्द तेच राहतात, हेतूनं गुन्हा होतो किंवा होत नाही. म्हणून शब्द जसेच्या तसे पोचवणं आपलं काम.

परिस्थितीवर अवलंबून असलेली बाजूही सांगायला हवी. 'दम दिला', 'दमदाटी केली', 'धमकावलं' या तिन्हींना तुम्ही डोळे मिटून 'थ्रेटन' लावू शकत नाही. आमच्याकडे मास्तरही पोराला दम देतात, सासू सुनेला दम भरते आणि तलाठी कार्यालयात शिपाईही दम देतो. तिथे 'स्कोल्डेड', 'टुक हिम टू टास्क' इथपर्यंत अर्थ खाली येतो. 'शिवीगाळ व दमदाटी' ही जोडी पोलिसांच्या लेखणीत इतकी ठरीव झाली आहे की तिच्यातून नेमकं काय घडलं ते कळत नाही. तिथे मी 'अब्यूज्ड अँड इंटिमिडेटेड' लिहिते आणि 'थ्रेटन' राखून ठेवते. काही वकिलांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, पोलिसांनी कलम लावलंय तर शब्दही तोच लावा. मला ते उलटं वाटतं.

उलट दिशेची गंमतही आहे. मराठीत जिथे 'इशारा' असतो तिथे इंग्रजीत बऱ्याचदा 'थ्रेटन' येतं. ऊसदरासाठी 'आंदोलनाचा इशारा', 'चक्का जामचा इशारा' हे मथळे आपण हंगामाच्या तोंडाला दरवर्षी वाचतो. इंग्रजी पेपर तेच 'थ्रेटन्ड टू इंटेन्सिफाय द स्टर' लिहितो आणि त्यात संघटनेला गुंड ठरवण्याचा हेतू नसतो. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर 'आत्मदहनाचा इशारा' हेही तसंच, 'थ्रेटन्ड टू इमोलेट हिमसेल्फ'. इथे 'वॉर्न्ड' का नाही? कारण 'वॉर्न' करणारा बहुधा दुसऱ्याकडून किंवा निसर्गाकडून येणारं संकट सांगतो; जे स्वतःच करणार ते सांगणं हे 'थ्रेटन'. हा माझा ढोबळ नियम आहे, अपवाद सापडतील. संघटनेच्या बाजूनं लिहिणारा मुद्दाम 'वॉर्न्ड' लिहील, आणि ती त्याची निवड आहे.

'कोर्टात खेचीन' हीही इंग्रजीत 'थ्रेटन्ड टू स्यू'च होते, पण गुन्हा होत नाही. कायद्यातली इजा ही बेकायदा इजा असते, आणि दावा लावणं बेकायदा नाही. भाषेतलं 'थ्रेटन' आणि कलमातलं 'थ्रेटन' यांत एवढा फरक आहे.

एक बारकी सूचना इथेच. 'थ्रेटन'च्या पुढे नुसतं नामही येतं. 'थ्रेटन्ड अ स्ट्राइक' म्हणजे संप करू असं सांगितलं. 'थ्रेटन्ड द स्ट्राइक' म्हणजे चालू संपच धोक्यात आणला. एका आर्टिकलनं माणूस संपाच्या बाजूचा की विरोधातला ते फिरतं.

आता नदी. मराठीत धमकी वेगळी आणि धोका वेगळा. धमकीला तोंड लागतं, धोक्याला लागत नाही. इंग्रजीत 'थ्रेट' हा एकच शब्द दोन्ही वाहतो. म्हणून 'थ्रेट टू किल' ही धमकी आणि 'थ्रेट टू लाइफ' हा धोका. पोलीस संरक्षणाच्या अर्जात 'जिवाला धोका आहे' असेल तर दुसरं लिहा; पहिलं लिहिलंत तर 'कुणी, कधी, काय म्हणालं' हा प्रश्न येईल आणि अर्जदाराकडे उत्तर नसेल.

नदी, ढग, नवा नियम, रोग हे कर्ते असले की 'थ्रेटन' म्हणजे धोका. 'इट इज थ्रेटनिंग टू रेन' याला आपण 'भरून आलंय' म्हणतो, कुणी धमकावत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी ४३ फुटांवर आहे, वर कोयनेतून विसर्ग चालू आहे, अशा वेळी 'द कृष्णा थ्रेटन्स टू फ्लड द मार्केट' हे वाक्य अगदी जागेवर आहे. पण २०१९ च्या ऑगस्टबद्दल लिहिताना 'थ्रेटन्ड टू फ्लड' लिहू नका. तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं आणि पेठांत शिरलं. 'थ्रेटन्ड टू' भूतकाळात आलं की वाचणारा 'पण तसं झालं नाही' किंवा 'अजून कळायचंय' असं धरतो. झालेल्या गोष्टीला सरळ 'फ्लडेड' म्हणावं. पूरग्रस्ताच्या भरपाईच्या कागदात हा फरक पैशाचा असतो.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून कासचं उदाहरण. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यावरच्या लिखाणात 'थ्रेटन्ड स्पीशीज' हमखास येतं. तो तिथे पारिभाषिक शब्द आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'व्हल्नरेबल', 'एन्डेंजर्ड' आणि 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' या तिन्ही वर्गांना मिळून 'थ्रेटन्ड' म्हणतात. म्हणून 'थ्रेटन्ड' आणि 'एन्डेंजर्ड' दोन्हींना 'संकटग्रस्त' लावून मोकळं होऊ नका. पहिला मोठा गट, दुसरा त्याच्या पोटातला.

शेजारच्या शब्दांचं थोडक्यात. 'मेनेस' क्रियापद म्हणून पुस्तकी. आपल्याकडे ते नाम म्हणूनच जगतं, मोकाट कुत्र्यांच्या बातम्यांत. 'इंटिमिडेट' मध्ये समोरचा दबला हे बहुतेक वेळा गृहीत असतं, 'थ्रेटन' मध्ये तो हसत निघून गेला तरी चालतं. वर सांगितलेल्या गुन्ह्याचं इंग्रजी नाव मात्र 'क्रिमिनल इंटिमिडेशन' आहे, आणि तिथे फिर्यादी खरोखर घाबरलाच पाहिजे असं व्याख्येत नाही. हेतू पुरतो.

उच्चार 'थ्रेटन'. 'ब्रेड' मधला 'ए' आणि इथला एकच, जरी स्पेलिंग बघून जीभ 'ट्रीट'कडे ओढली जाते. भूतकाळाच्या रूपात शेवटचा एन दुप्पट होत नाही, आणि साहेबांच्या टायपिस्टकडून तो हमखास दुप्पट होतो. टाइप झालेला कागद सहीला नेण्याआधी तेवढा तपासत जा.